ओलीचा हिशेब

शेरलॉक होम्स आपले सिगार कोळशाच्या बादलीत ठेवायचा. तंबाखू इराणी चपलेच्या टोकात, उत्तर न दिलेली पत्रं चाकूनं शेकोटीवरच्या फळीत खोचलेली, आणि सिगार कोळशात. ‘मस्ग्रेव्ह रिच्युअल’ या १८९३च्या कथेत डॉ. वॉटसननं ही यादी मित्राच्या गबाळेपणाचा पुरावा म्हणून दिली आहे. चपलेबद्दल आणि चाकूबद्दल मी काही बोलत नाही, पण सिगारच्या बाबतीत मी होम्सच्या बाजूची आहे. कोळशाची बादली शेकोटीला खेटून असायची, आणि टेम्सकाठच्या त्या दमट शहरात भाड्याच्या खोलीत त्याहून कोरडा कोपरा मिळणं अवघड होतं. वॉटसनला पसारा दिसला. मला तिथं ओलीचा विचार दिसतो.

हा दिसण्यातला फरक माझ्या गावामुळे पडला असावा. मी निपाणीची. आमच्या घरची तंबाखूची वखार होती. निपाणीची तंबाखू म्हटलं की लोकांना १९८१चं शरद जोशींचं आंदोलन आणि त्यातला गोळीबार आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण माझ्या लहानपणची निपाणी म्हणजे नाकात जाणारा खकाणा आणि जून उजाडला की आजोबांचा बिघडलेला चेहरा. पहिला पाऊस पडायच्या आत जर्द्याचे बोद भिंतीपासून हातभर अलीकडे ओढले जायचे, खाली फळ्या घातल्या जायच्या. आजोबा बोदात हात खुपसून मूठभर जर्दा दाबायचे आणि मूठ उघडायचे. जर्दा सुटा झाला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर तो बोद बाजूला. पुढं मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यातही बुरशी हा माझा विषय, तेव्हा त्या मुठीत काय मोजलं जात होतं ते कळलं.

सिगार मी कधी ओढला नाही. ओढणाऱ्यांचं कौतुकही नाही. तंबाखू माणसाचं काय करते ते वखारीत काम करणाऱ्या बायकांच्या खोकल्यात मी ऐकलं आहे. पण सिगारच्या पेटीचा, म्हणजे ह्युमिडॉरचा, इतिहास मला सोडवत नाही. पैसेवाल्यांनी दोनशे वर्षं बुरशीशी केलेली ती झटापट आहे आणि त्यातले बरेच जण चुकीच्या बाजूनं लढले.

सुरुवात हवानापासून करायला हवी, कारण तिथं सगळं उलटं आहे. क्युबात पिनार देल रिओच्या भागात पानं मोठ्या खोपटांत टांगून वाळवतात, मग ढिगात घालून आंबवतात. ढीग आतून तापतो, अमोनियाचा वास सुटतो, पानाचा उग्रपणा जातो. नंतर पानांचे गठ्ठे रॉयल पाम या ताडवर्गीय झाडाच्या पोयीसारख्या रुंद सालीत बांधून महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुरवत ठेवतात. इथपर्यंत पान कोरडं. पण कोरडं पान वळता येत नाही, कडकन मोडतं. म्हणून कारखान्यात ते पुन्हा पाणी मारून मऊ करतात. याचा अर्थ असा की वळणाऱ्याच्या हातून नुकताच सुटलेला सिगार ओला असतो. तसाच डबीत कोंबला तर आठवड्याभरात त्यावर पांढरी लव येईल. तो आधी जातो ‘एस्कापाराते’त. ही सीडर लाकडाच्या कपाटांची थंड खोली. तिथं सिगार काही आठवडे पडून राहतो आणि जादा पाणी हळूहळू सोडून देतो.

सिगारसाठी माणसानं केलेल्या पहिल्या सीडरच्या कपाटाचं काम पाणी काढून घेणं हे होतं, ही गोष्ट पुढं सगळे विसरले.

सीडरबद्दल दोन शब्द. बाजारात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. झाड अमेरिका खंडातलं, आणि कूळ महोगनीचं, म्हणजेच आपल्या कडुनिंबाचं. आपल्याकडचा तून हा तर त्याचा इतका जवळचा नातलग की जुने वनस्पतिशास्त्रज्ञ त्यालाही सेड्रेलाच म्हणायचे. लाकूड हलकं, सुवासिक, लवकर न कुजणारं, ओल पिणारं आणि परत सोडणारं. या शेवटच्या गुणासाठी त्याला मान. किड्यांच्या बाबतीत मात्र त्याची कीर्ती जरा फुगलेली आहे. तंबाखूचा भुंगा, लॅसिओडर्मा, हा निकोटीन पचवणारा प्राणी. तो वासाला काय घाबरणार? त्याची अंडी २४-२५ अंशांच्या वर फुटायला लागतात आणि मग सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. त्यावर गारठा हाच इलाज.

सुरुवातीला सिगार जुड्या बांधून निघत, रेशमी फितीत किंवा नुसत्या दोरीत. सीडरची पेटी रूढ करण्याचं श्रेय हवानाला स्थायिक झालेल्या हेरमान उपमान या जर्मन गृहस्थाला देतात. तो बँकवालाही होता आणि बड्या ग्राहकांना भेट म्हणून पेट्या पाठवायचा, असं सांगतात. उपमानचा सिगार कारखाना १८४४चा. त्याआधीच, १८१७ साली, स्पेनच्या राजानं क्युबाच्या तंबाखूवरची सरकारी मक्तेदारी उठवली होती, आणि नेपोलियनविरुद्ध स्पेनमध्ये लढून परतलेले इंग्रज शिपाई सिगारची चटक घेऊन घरी आले होते. माल उत्तरेला वाहू लागला. अटलांटिक ओलांडताना जहाजाच्या पोटात काय हवा असेल याची कल्पना करा. लंडनच्या दुकानदारांना पेटी उघडून मऊ ब्रशनं एकेक सिगार झटकायची सवय होती ती उगाच नाही.

या झटकण्यातूनच एक समजूत जन्मली, तिच्यावर मला थोडं थांबायचं आहे. जुने दर्दी सांगतात की उत्तम सिगार मुरला की त्यावर पांढरट फुलोरा येतो. पानातली तेलं बाहेर येऊन त्यांचे स्फटिक बनतात, ते परिपक्वतेचं लक्षण आहे, त्याला बुरशी समजू नये. पावडरीसारखी असेल तर फुलोरा, केसाळ असेल तर बुरशी, हिरवी-निळी असेल तर नक्कीच बुरशी. ऐकायला छान आहे. विकणाऱ्याच्या फारच सोयीचंही आहे. माझ्याकडे लोकांनी फुलोरा म्हणून आणलेले सिगार मी सूक्ष्मदर्शकाखाली धरले आहेत. दरवेळी धागे दिसले, धाग्यांच्या टोकाला बीजाणूंच्या माळा दिसल्या. स्फटिक एकदाही नाही. परदेशातही काही संग्राहकांनी आपला अभिमानाचा फुलोरा प्रयोगशाळेत पाठवला आणि बुरशीचा अहवाल घेऊन परतले. मी स्फटिक कधीच बनत नाहीत असं म्हणणार नाही. पण पेटीत पांढरं दिसलं की आधी बुरशी समजा, मग पुराव्यानं तिला निर्दोष सोडा.

आता उत्तरेकडच्या हिवाळ्याकडे वळू. ह्युमिडॉर आज ज्या रूपात माहीत आहे तो त्या हिवाळ्याचा. शून्य अंशाची बाहेरची हवा, तिच्यात मावेल तेवढी वाफ असली तरी, घरात आणून २१ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. पाइपांतून वाफ खेळवून अख्खं घर गरम ठेवायची सोय आली तेव्हा न्यूयॉर्क-बोस्टनच्या दिवाणखान्यांत सिगार पापडासारखे तडकू लागले. पाणी घालणं हा त्यावर उघड उपाय. पाइप ओढणाऱ्यांनी शिशाच्या आणि चिनी मातीच्या बरण्यांच्या झाकणाखाली ओला स्पंज बसवलेला होताच. काही जण सफरचंदाची किंवा बटाट्याची फोड टाकून ठेवत. बुरशी शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक सुचलं नसतं. पिष्टमय, साखरेची, ओली फोड, बंद डबा आणि अंधार.

डच लोकांनी या भानगडीत न पडण्याचा शहाणपणा केला. सुमात्रा-जावाच्या पानात गुंडाळलेले त्यांचे छोटे सिगार मुळातच कोरडे बनतात, पत्र्याच्या डबीत राहतात, त्यांना पेटी लागत नाही. आपल्याकडच्या तिरुचिरापल्लीच्या चिरुटांचंही तसंच. दिंडिगुलच्या भागात पिकलेलं उग्र पान, दोन्ही टोकं कापलेली, नाजूकपणाचा पत्ता नाही. होम्सनं आपल्या पहिल्याच कादंबरीत, १८८७ साली, राखेवरून जो चिरूट ओळखला तो हाच. असे चिरूट पावसाळ्यात नरम पडले तर लोक उन्हात टाकत आणि ओढत. त्यांच्यासाठी कुणी अक्रोडाची पेटी घडवली नाही.

घडवली ती हवानासाठी. लंडनमध्ये आल्फ्रेड डनहिलनं १९०७ साली ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं, आणि पुढं डनहिलची पेटी हे साहेबी घराचं एक लक्षण झालं. गिऱ्हाइकांचे सिगार दुकानाच्याच खोल्यांत सांभाळले जात. १९४१च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्बनं ते दुकान उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथल्या माणसानं पहाटे चर्चिलना फोन करून त्यांचे सिगार सुखरूप असल्याची वर्दी दिली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोळीबंद आहे, पण चर्चिलच्या बाबतीत ती खपून जाते.

मला या सगळ्यात आवडतं ते जिनिव्हा. तिथल्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या गिर्यारोहक शास्त्रज्ञानं १७८३ साली केसावर चालणारा आर्द्रतामापक जगापुढं मांडला. तेलकटपणा काढून टाकलेला माणसाचा केस ओल्या हवेत लांबतो, कोरड्यात आखडतो; फरक शेकड्याला दोन-अडीचचा, पण काटा फिरवायला तेवढा पुरतो. दीडशे वर्षांनी त्याच गावात झिनो डेव्हिडॉफ या तंबाखूवाल्यानं दुकानाच्या तळघरात तापमान आणि आर्द्रता दोन्ही राखणारी सिगारची खोली उभारली. त्याचं कुटुंब कीव्हहून १९११ साली तिथं आलं होतं, आणि तरुणपणी तो लॅटिन अमेरिकेत हिंडून क्युबातलं काम पाहून आला होता. त्याला पेटीचा मूळ धर्म कळला होता असं मी म्हणेन, कारण त्यानं पाणी घालायचं यंत्र न मांडता मापाची खोली मांडली.

माप का हवं, याचा नीट उलगडा त्यानंतर झाला. १९५३ साली ऑस्ट्रेलियाच्या विल्यम स्कॉट या शास्त्रज्ञानं दाखवलं की पदार्थात एकूण पाणी किती यावर जंतूंची वाढ ठरत नाही, मोकळं पाणी किती यावर ठरते. मुरंब्यात पाणी भरपूर असतं, पण साखरेनं ते धरून ठेवलेलं असतं, बुरशीला पिता येत नाही. सिगारच्या पानाचंही तेच. बंद पेटीतल्या हवेची आर्द्रता ७० टक्के असेल तर पानातल्या मोकळ्या पाण्याचा आकडा ०.७० धरायचा. बहुतेक बुरश्या ०.८०च्या खाली हातपाय गाळतात. ॲस्परजिलसच्या घराण्यातल्या काही चिवट जाती ०.७०च्या जरा वरही रेंगाळत वाढतात. अगदी तळाची हद्द ०.६१च्या आसपास, आणि तिथं जगणाऱ्या मोजक्या बुरश्यांत झिरोमायसिस बिस्पोरस येते. दुसरीकडे, साठाच्या खाली आर्द्रता गेली की सिगारचं वरचं पान तडकतं. सिगारचा सगळा संसार ६५ ते ७० या चिंचोळ्या पट्टीत चालतो आणि पट्टीच्या वरच्या काठाला लागूनच बुरशीचं अंगण आहे. आजोबांची मूठ हीच पट्टी शोधत होती.

१९६२ साली केनेडींनी क्युबाच्या मालावर बंदी घातली. सही करायच्या आधी त्यांनी आपला सचिव पिएर सॅलिंजर याच्याकडून बाराशे पेटिट उपमान गोळा करून घेतले, ही हकिगत खुद्द सॅलिंजरनं सांगितलेली आहे. बंदीनंतर अमेरिकेत हाती असलेला हवाना सिगार ठेव झाला आणि पेटी तिजोरी. केनेडींना नट मिल्टन बर्लनं भेट दिलेली अक्रोडाची पेटी १९९६च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना गेली. आतला स्पंज कोणत्या अवस्थेत होता हे कुणी विचारलं नसणार. तो काळच सिगारच्या फॅशनचा होता. स्वस्त पेट्या बाजारात आल्या, झाकणाला फुलदाणीतल्यासारखा हिरवा फोम चिकटवलेल्या, आणि विकत घेणारे त्यात नळाचं पाणी ओतत राहिले.

जुनी माणसं ‘क्युबातला निळा बुरा’ म्हणून जे सांगत ते मात्र वेगळं प्रकरण. १९७९-८०च्या हंगामात ब्लू मोल्डनं क्युबाचं बहुतेक पीक बसवलं, कारखाने बंद पडले. पण तो शेतातल्या जिवंत पानावरचा रोग, पेरोनोस्पोरा, आणि काटेकोर बोलायचं तर ती बुरशीसुद्धा नव्हे. पेटीत तो येत नाही.

पेटीतल्या त्या फोमवर दोन चांगले उपाय निघाले. एक, प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ऊर्ध्वपातित पाणी निम्मे-निम्मे. ग्लायकॉल सत्तरच्या वर ओल चढली की ती ओढून घेतं, आणि स्वतः बुरशीला वाढू देत नाही. दुसरा, मला अधिक पटणारा, क्षारांचा. ठरावीक क्षार पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवून वर थोडा शिल्लक ठेवला की त्याच्याभोवतीची हवा एका ठरलेल्या आर्द्रतेवर थांबते. जास्त झाली तर द्रावण पिऊन घेतं, कमी पडली तर देतं. हल्ली बोव्हेडासारख्या कंपन्यांच्या पुड्या येतात त्या याच तत्त्वावर. हवानाच्या कपाटाला जे दोन्ही बाजूंनी जमत होतं ते असं दीडशे वर्षांनी परत आलं.

आपल्याकडे हा सगळा हिशेब जूनमध्ये पालटतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात हवाच ८५च्या वर असते, आणि पेटी विकत घेताना मिळालेली चोपडी मात्र बोस्टनच्या जानेवारीसाठी लिहिलेली. पणजीला स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या श्रावणात पेटी घेऊन आला. झाकण उघडलं आणि कुबट वास आला. “मॅडम, दर आठवड्याला न चुकता पाणी घालतो हो,” तो म्हणाला. “अरे, तेच तर,” मी म्हटलं. शिवाय रात्री खोलीत एसी, दिवसा बंद. २१ अंशांना ७० टक्के असलेली हवा १५ अंशांवर आणली की दव धरते. एवढी थंडी घरात होत नाही, पण एसीच्या झोतासमोरची पेटीची बाजू रोज थोडी गार पडायची, आणि बुरशी नेमकी त्याच कोपऱ्यात होती.

मग आम्ही दोघांनी दुपारभर काम केलं. सगळे सिगार बाहेर, वर्तमानपत्रावर. ज्यांच्या अंगावर नुसती पांढरी लव होती ते खिडकीशी उभं राहून, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या मऊ कापडानं पुसले आणि वेगळ्या डब्यात निरीक्षणाखाली ठेवले. ज्यांच्या पेटवायच्या टोकाला, म्हणजे उघड्या बाजूला, बुरशी होती ते टाकून दिले. तिथून धागे आतल्या पानांत गेलेले असतात, पुसायचं काय? हिरवे-काळे डाग असलेलेही गेले. त्याला फार वाईट वाटलं, कारण एकेक काही हजारांचा होता. फोम उपटून फेकला. पेटीची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली. ब्लीच नको, त्याचा वास सीडर वर्षभर धरून ठेवतं. एका कोपऱ्यात डाग लाकडात उतरला होता, तिथं बारीक पॉलिशपेपर फिरवला. मग पेटी उघडी ठेवून पंख्याखाली दोन दिवस. परत सिगार भरले ते अर्धी जागा मोकळी ठेवून, आणि पाण्याच्या जागी ६५च्या क्षारपुड्या घालून.

शेवटी काटा तपासला. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ, ओलं होईल एवढे थेंब पाणी, बूच आणि आर्द्रतामापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, रात्रभर. साध्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर थांबते, ती दगडावरची रेघ आहे. सकाळी काटा ६९ दाखवत होता. म्हणजे चोपडीतले सत्तर गाठायला हा पाणी ओतत होता तेव्हा पेटीत खरे शहात्तर होते.